पीसीवर किती खर्च करायचा आणि कुठल्या क्रमानं

“पन्नास हजारांत पीसी बसेल का?” असं कुणी विचारलं की मी म्हणतो, बसेल, पण नुसता डबा. मॉनिटर, कीबोर्ड-माउस, यूपीएस आणि विंडोजचं लायसन्स त्या पन्नासात नसतं. दुकानदाराच्या कोटेशनमध्ये ते तळाला येतं, नाहीतर येतच नाही. म्हणून आधी टेबलाचा आकडा काढा, म्हणजे टेबलावर आणि टेबलाखाली जे जे येणार त्या सगळ्याची बेरीज. त्यातून उरेल तो डब्याचा आकडा.

कराडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. नोकरी संपली, पण पीसी जोडून द्यायची खोड काही गेली नाही. नात्यातली पोरं, शेजारचे अकाउंटंट, एक फ्लेक्सवाला असे लोक येत राहतात. प्रत्येक मशिनला माझ्या वहीत एक पान असतं आणि पानावर तीन रकाने: घेतलेला भाग, दिलेले पैसे आणि तो भाग पुढे विकला तर परत आलेले पैसे. तिसरा रकाना कुणी ठेवत नाही. मग “पीसीवर लाखभर गेले बघा” असं ढोबळ सांगत फिरतात. गेले किती आणि परत आले किती, याचा पत्ता नसतो.

भाच्याचं पान उघडतो. २०१९ साली तो मेकॅनिकलला होता. कामाला ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स, आणि माझ्या बहिणीला न सांगता गेम. तेव्हाची खरेदी अशी: रायझन ५ २६०० प्रोसेसर ११,५००, बी४५० मदरबोर्ड (बाकीचे भाग ज्यावर बसतात ती पाटी, पुढे नुसता ‘बोर्ड’) ७,०००, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम ६,०००, जीटीएक्स १६५० ग्राफिक कार्ड १२,५००, २४० जीबी एसएसडी (वेगवान डिस्क) २,५००, एक टीबी हार्ड डिस्क ३,२००, ४५० वॉटचा चांगला एसएमपीएस (डब्यातल्या भागांना वीज देणारा) ४,०००, कॅबिनेट ३,०००. डबा झाला ४९,७००. मग मॉनिटर ७,५००, यूपीएस २,५००, कीबोर्ड-माउस १,०००. टेबल झालं ६०,७००. विंडोज त्याला कॉलेजकडून मिळालं, म्हणून तो आकडा नाही.

पुढे २०२२ मध्ये त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसवला. १३,५०० गेले, जुना प्रोसेसर ४,५०० ला विकला. २०२३ च्या शेवटी आरएक्स ६६०० कार्ड २०,००० ला घेतलं, जुनं कार्ड ६,००० ला गेलं. २०२४ मध्ये एक टीबी एनव्हीएमई (आणखी वेगवान एसएसडी) ५,०००. मधे यूपीएसची बॅटरी १,०००. विकून आलेले वजा केले तर सहा वर्षांतली वरची भर २९,००० आणि एकूण ८९,७००. म्हणजे महिन्याला साडेबाराशेच्या आत.

हे भाव आजचे म्हणून धरू नका. बघायचंय ते हे की बोर्ड, रॅम, एसएमपीएस, कॅबिनेट आणि मॉनिटर सहा वर्षांत एकदाही बदलले नाहीत. बदलले ते प्रोसेसर आणि कार्ड, आणि दोन्ही विकले गेले. पैसे लावायची माझी सगळी पद्धत यातूनच आली आहे. जे राहणार ते पहिल्याच दिवशी चांगलं घ्या. जे बदलणार ते आज पुरेल एवढंच घ्या.

राहणाऱ्या भागांत कंजुषी नको

एसएमपीएसपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथंच. स्वस्त कॅबिनेटसोबत ‘फ्री’ येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॉट छापलेलं असतं. उचलून बघा, वजनच कळतं. त्याच्यावर ऑफिसचं साधं मशिन वर्षानुवर्षं चालेलही, पण ग्राफिक कार्ड लावायचं असेल तर ८० प्लसचा (म्हणजे वीज कमी वाया घालवण्याचा) शिक्का आणि पाच वर्षांची वॉरंटी असलेलाच घ्या. वॉट किती ते कार्डावरून ठरतं. आरएक्स ६६०० साठी एएमडी स्वतः ४५० वॉट पुरे म्हणते. भाच्याचं कार्ड बदलताना एसएमपीएसचा खर्च वाचला तो २०१९ मध्ये दिलेल्या चार हजारांमुळे. आज नवीन घेत असाल तर साडेपाचशे ते साडेसहाशे वॉटचा घ्या. आठशे-हजार वॉटचा घेऊन मध्यम कार्ड लावणाऱ्यांना मी विचारतो, उरलेल्या वॉटचं काय लोणचं घालणार?

मदरबोर्डाचं उलटं आहे. तिथं लोक गरजेपेक्षा जास्त घालवतात. इंटेलच्या झेड मालिकेचा बोर्ड घ्यायचा तो नावात के अक्षर असलेला प्रोसेसर ओव्हरक्लॉक करण्यासाठी, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवण्यासाठी. आमच्या गल्लीत एकानं झेड७९० वर आय५-१३४००एफ लावलाय. तो प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतच नाही. वर ६५ वॉटच्या त्या प्रोसेसरला ३६० एमएमचा लिक्विड कूलर. दिवे मात्र छान लागतात. बी मालिकेचा बोर्ड बहुतेकांना पुरतो. त्यात तीन गोष्टी मोजा: रॅमचे स्लॉट चार आहेत का, एनव्हीएमई बसवायचे एम.२ चे स्लॉट निदान दोन आहेत का, आणि त्या सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेत, पुढच्या पिढीचा प्रोसेसर बसणार का.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. एएमडीचं एएम४ सॉकेट २०१७ च्या पहिल्या रायझनपासून चाललं आणि २०२४ मध्येही त्यावर नवा ५७००एक्स३डी आला. इंटेलचं एलजीए १७०० बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी झाल्यावर संपलं. २०२४ च्या शेवटी आलेल्या प्रोसेसरना वेगळं सॉकेट लागतं. बोर्ड फेकायची वेळ आली की बहुधा रॅमही जाते, कारण डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्या एकमेकांच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम तिन्ही बदलायचे म्हणजे ते अपग्रेड नव्हे. तो नवा पीसी झाला, फक्त जुन्या कॅबिनेटमध्ये.

मॉनिटरबद्दल थोडक्यात: तो एकामागून एक दोन पीसींना पुरतो, म्हणून त्यावर हजार-दोन हजार जास्त गेले तर वाईट वाटून घेऊ नका.

आणि यूपीएस. कराड काय, सांगली काय, पावसाळ्यात लाइट कशी येते-जाते ते तुम्हाला माहीत आहे. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. टॅलीवाल्या मशिनला भरपूर झाला. गेम चालू असताना डबा आणि मॉनिटर मिळून तीनशेच्या वर गेले की तो कुरकुरतो, त्यांनी १०००-११०० व्हीएचा बघावा. दोन-अडीच वर्षांनी बॅटरी बदलावी लागते, तो खर्च आत्ताच पानावर लिहून ठेवा. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पीसीचा एक भागही विकत घेऊ नका. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग करून घ्या.

काम बघून वाटणी

शेजारच्या अकाउंटंट ताईंना टॅली, एक्सेल, जीएसटीचं पोर्टल आणि पंधरा-वीस टॅब एवढंच लागतं. त्यांना ग्राफिक कार्ड शून्य रुपयांचं. आय३-१२१०० सारखा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई. २०२४ च्या भावानं असा डबा तीस हजारांच्या आत बसला. इथं इंटेलचा, नावाच्या शेवटी एफ नसलेलाच प्रोसेसर घ्यायचा, कारण एफवाल्यात डिस्प्लेची सोय नसते. खरं तर गेमवाल्यांनाही मी दीड-दोन हजार जास्त घालून बिनएफचा घ्यायला सांगतो. कार्ड बिघडून वॉरंटीत महिनाभर गेलं तरी मशिन चालू राहतं.

ताईंसारख्या धंदेवाल्यांनी बिल धंद्याच्या नावानं आणि जीएसटी नंबर टाकूनच घ्यावं. पन्नास हजारांच्या बिलात १८ टक्क्यांनी ७,६२७ रुपये जीएसटी असतो. नियमित नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, कंपोझिशनमध्ये असाल तर नाही. शिवाय आयकरात कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो. “बिल नको असेल तर हजार कमी करतो” म्हणणाऱ्या दुकानदाराला हा हिशोब सांगा. घरगुती गिऱ्हाइकानंही बिनबिलाचा माल घेऊ नये. वॉरंटीच्या वेळी पहिला प्रश्न बिलाचाच येतो.

फ्लेक्सवाल्याचं दुखणं निराळं. कोरल आणि फोटोशॉपमध्ये वीस फुटी बॅनर उघडला की मशिन बसायचं. त्याला एका विक्रेत्यानं महागडं कार्ड सुचवलं होतं. मी विंडोजमधला टास्क मॅनेजर (कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारा) उघडून दाखवला: रॅम ९६ टक्के भरलेली आणि कार्ड झोपलेलं. ८ जीबीची ३२ जीबी केली आणि काम भागलं.

गेमवाल्यांसाठी डब्याच्या खर्चातला पस्तीस-चाळीस टक्के भाग कार्डाला, हे ढोबळ माप. कार्ड घेताना व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी बघा. २०२१ ची आरटीएक्स ३०६० बारा जीबीची होती आणि २०२३ ची आरटीएक्स ४०६० आठ जीबीची. नवा नंबर म्हणजे सगळंच जास्त असं नसतं. १०८०पी मॉनिटरवर आठ जीबीत बहुतेक गेम अजून निभतात, पण नवीन घेताना बारा-सोळा परवडत असतील तर तेच घ्या.

अपग्रेडआधी शून्य रुपयांची कामं

“मामा, हँग होतंय, नवीन प्रोसेसर टाकू का?” असा फोन आला की मी आधी ही कामं करून घेतो.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स बघा. डिस्क १०० टक्क्यांवर अडकलीय? मग बहुधा विंडोज अजून हार्ड डिस्कवर आहे, तसं असेल तर एसएसडी घ्या, बाकी काही नको. हार्ड डिस्क सेकंदाला दीड-दोनशे एमबी वाचते, साधी साटा एसएसडी साडेपाचशेपर्यंत, एनव्हीएमई त्याच्या कित्येक पट. पण रोजच्या वापरात डोळ्यांना जाणवणारा फरक पहिल्या उडीत असतो. साटा एसएसडी असताना नुसत्या वेगासाठी एनव्हीएमईवर जाल तर पैसे गेले असं समजा. जागा कमी पडत असेल तर गोष्ट वेगळी.

गेम अडकत असेल तर सेटिंग आणि रिझोल्यूशन एकदम खाली आणून बघा. फ्रेम भराभर वाढल्या तर अडचण कार्डाची. तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसरची, आणि तिथं नवं कार्ड टाकून काही होणार नाही. दहा मिनिटांच्या या चाचणीनं वीस हजार वाचतात.

मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टमध्ये आहे का ते मागं जाऊन बघा. हसू नका, बोर्डाच्या पोर्टात केबल घालून वर्षभर गेम खेळणारे मी पाहिलेत. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० वरच ठेवलेला असतो, तो बदला. बायोसमध्ये (मशिन सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) रॅमचा एक्सएमपी पर्याय चालू आहे का बघा. ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम बरेचदा २१३३ किंवा २४०० वर चाललेली असते. एक्सएमपी चालू केलं की ती आपल्या खऱ्या वेगावर येते. मग कॅबिनेट उघडा, ब्रशनं धूळ काढा, पंखा बोटानं धरून ठेवा म्हणजे हवेनं गरगरणार नाही. तीन-चार वर्षं झाली असतील तर प्रोसेसरची थर्मल पेस्ट बदला. तिला मात्र दोन-तीनशे रुपये लागतात.

एवढं करूनही अडलं तरच पैसे काढा. क्रम असा: एसएसडी, मग रॅम, मग कार्ड किंवा प्रोसेसर यांपैकी चाचणीत जो अडकला तो. प्रोसेसर बदलण्याआधी बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून त्याला चालणाऱ्या प्रोसेसरची यादी काढा आणि जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस अपडेट करा. उलट केलंत तर स्क्रीन काळीच राहते, आणि मग जुना प्रोसेसर उसना आणायला धावाधाव.

रॅमचं सध्या वेगळं प्रकरण

२०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत आणि एसएसडीही मागोमाग चढल्यात. कारण आपल्या गल्लीतलं नाही. मेमरी चिप बनवणाऱ्या सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या मुख्य तीन कंपन्या, आणि त्यांचा माल एआयच्या सर्व्हरकडे वळलाय. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा क्रुशियल ब्रँडच बंद करणार असं जाहीर केलं. अशा वेळी डीडीआर४ वाल्यांनी डीडीआर५ कडे धावू नये. एएम४ बोर्ड असेल तर रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर टाकून दोन-तीन वर्षं काढावीत.

नवीनच घ्यायचा असेल तर स्लॉटचा विचार करा. दोन स्लॉटच्या बोर्डावर आठ-आठच्या दोन स्टिक लावल्यात तर पुढे वाढवताना दोन्ही काढाव्या लागतील. एक १६ ची लावली तर दुसरा स्लॉट मोकळा राहतो, पण ड्युअल चॅनेल, म्हणजे दोन स्टिक एकदम वापरून मिळणारा वेग, मिळत नाही. वेगळं कार्ड असेल तर तेवढं चालवून घ्या. रायझन ५६००जी सारख्या, ग्राफिक्स आतच असलेल्या प्रोसेसरला मात्र दोन स्टिक लागतातच, नाहीतर गेममध्ये तो निम्माच वाटतो.

सेकंडहँड आणि लॅमिंग्टन रोड

मोठ्या ऑफिसांतून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी, लेनोवोचे डबे रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेले म्हणून मिळतात. शिकणाऱ्या मुलाला ही उत्तम खरेदी. आय५ आठव्या पिढीपासून पुढचाच घ्या. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेल आठव्या पिढीपासून सुरू होतं. या डब्यांचा एसएमपीएस आणि त्याचे कनेक्टर बहुधा कंपनीचे स्वतःचे असतात, म्हणून त्यात मोठं कार्ड टाकायचं मनात असेल तर घेऊच नका. स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटवर चालणारं छोटं कार्ड तेवढं बसतं.

जुनं ग्राफिक कार्ड घेताना विकणाऱ्याच्या मशिनवर अर्धा तास गेम चालवून बघा. पंख्याचा आवाज ऐका, तापमान बघा, सिरियल नंबर बिलाशी ताडून पाहा. जुना एसएमपीएस आणि जुनी हार्ड डिस्क मी फुकट दिली तरी घेत नाही. प्रोसेसर जुना घ्यायला हरकत नाही, तो सहसा खराब होत नाही. एएम४ वाल्याच्या पिना वाकलेल्या नाहीत ना, तेवढं बघा.

मुंबईला ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोड हा कॉम्प्युटरच्या मालाचा बाजार आहे, पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग. तिथं भाव करता येतो, पण आधी त्याच भागाचा ऑनलाइन भाव फोनमध्ये काढून ठेवा. चार दुकानांतून छापील कोटेशन घ्या आणि त्यात प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल लिहून मागा. ‘१६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी’ एवढंच लिहिलं असेल तर स्वस्तातला कुठला माल बसेल सांगता येत नाही. कराडहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी पोचता येतं, पण तिकीट, जेवण आणि एक दिवस धरा. दोन हजारांच्या फरकासाठी मी तरी जात नाही. वॉरंटीचं काम पडलं की गावातला दुकानदार उपयोगी पडतो, त्याला हजार जास्त दिले तरी चालतात.

विजेचा आकडा कुणी धरत नाही. डबा आणि मॉनिटर मिळून २५० वॉट, रोज तीन तास गेम, म्हणजे महिन्याला साडेबावीस युनिट. सोयीसाठी दहा रुपये दर धरला तरी वर्षाला २,७००. वाढीव युनिट तुमच्या वरच्या स्लॅबला लागतात, तेव्हा दर आपल्या बिलावर बघून घ्या.

राहिला विक्रीचा भाग. नवा भाग आला त्याच आठवड्यात जुना विकायला काढा. कपाटात ठेवलेल्या कार्डाचा भाव दर महिन्याला उतरतो. खोकी, बिलं आणि कूलरचे स्क्रू पहिल्या दिवसापासून जपून ठेवा, खोक्यासकट मालाला लवकर गिऱ्हाईक मिळतं. फक्त एसएसडी आणि हार्ड डिस्क विकू नका, त्यावर तुमचे पॅन-आधारचे स्कॅन आणि फोटो असतात आणि नुसतं फॉरमॅट मारून ते नीट पुसले जात नाहीत. पाच-सहाशे रुपयांच्या यूएसबी केसमध्ये घालून त्यांनाच बॅकअपला लावा. भाच्याच्या जुन्या २४० जीबीवर आता माझ्या बहिणीचे लग्नापासूनचे फोटो आहेत.